चुनकळी ते पुट्टी

भूगावात दसऱ्याआधी घरांना चुना देणं हा माझ्या वडिलांचा हंगाम. चुनकळी पिंपात विरवायची, निवू द्यायची, गाळून त्यात नीळ आणि डिंक घालायचा, मग कुंच्यानं दोन हात. त्या घरांत माशांची काचेची टाकी नव्हती. मासे होते ते भातखाचरांत आणि राम नदीत, पावसाळ्यात चढणीला लागलेले. तरी पिंप धुतलेलं पाणी ओढ्याला जाऊ द्यायचं नाही, अशी वडिलांची सक्त ताकीद असे. ती योग्यच होती. चुन्याच्या निवळीचा सामू 12 च्या वर जातो. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे 6.5 ते 8.5 मध्ये सुखानं जगतात, त्याच्या फार पलीकडे गेलं की त्यांचे कल्ले भाजतात.

टाकी आधी शहरात आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं मत्स्यालय उघडलं 1853 मध्ये, मुंबईत तारापोरवाला उभं राहिलं 1951 मध्ये. घरगुती टाक्या तेव्हा लोखंडी अँगलच्या असत आणि काचा लांबीनं बसवलेल्या. खिडक्यांना आम्ही भरतो तीच लांबी! पुढे सिलिकॉननं काचेला काच चिकटू लागली, चौकट गेली, टाकी स्वस्त आणि हलकी होऊन दिवाणखान्यात आली. चांदणी चौकाच्या अलीकडे इमारती वाढल्या तशी ती आमच्या गावातही पोचली.

भिंतीही तोवर बदलल्या होत्या. आधी डिस्टेंपर, मग ऑइल पेंट. माशांच्या दृष्टीनं मोठा फरक पडला तो इथे. चुना वरून पडतो, टाकी झाकली की भागतं. ऑइल पेंटमध्ये मिसळलेल्या टर्पेंटाइनची वाफ पडत नाही, ती खोलीभर असते. टाकीचा हवेचा पंप हीच हवा ओढून बुडबुड्यांतून पाण्यात सोडतो. म्हणजे झाकण कितीही घट्ट लावा, विष नळीतून आत जातंच. पंप बंद ठेवला तर गर्दीच्या टाकीत प्राणवायू कमी पडतो.

यावर चांगल्या रंगाऱ्याचा उपाय साधा आहे. पंप गॅलरीत, रंगापासून दूर ठेवायचा आणि लांब नळीनं बाहेरची हवा टाकीत आणायची. वर प्लास्टिक अंथरायचं, पण एक कोपरा मोकळा सोडायचा. आत येणारी स्वच्छ हवा तिथून बाहेर पडत राहते, खोलीतल्या वाफेला आत शिरू देत नाही. फायटर आणि गुरामी हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यांच्यासाठी हे फारच महत्त्वाचं.

आता पाण्यातले रंग आले, वास कमी झाला आणि गिऱ्हाईक निर्धास्त झालं. मला मात्र काळजी वाटते ती पुट्टीची. भिंतीची पुट्टी बहुधा पांढऱ्या सिमेंटची, तिची धूळ चुन्याच्याच जातीची. पॉलिश पेपर फिरला की ती घरभर उडते. शिवाय घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून जुनी दारं-खिडक्या कोरडी घासूच नयेत. पाणी मारून घासावीत, माशांसाठी आणि घरातल्या लेकरांसाठीही. घासकाम संपून फरशी ओल्या फडक्यानं पुसून होईपर्यंत टाकीवरचं प्लास्टिक काढायचं नाही, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पंप गॅलरीतच राहू द्यायचा.