उल्हास खोऱ्यातील मुक्या सोबत्यांचा निरोप

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कारखाने आणि वसाहती येण्यापूर्वी भातशेती करणाऱ्या घरांचा संसार बैलजोडीवर चाले. दिवाळीच्या पाडव्याला गुरांना अंघोळ घालत, शिंगे रंगवत आणि पेटत्या पेंढ्यावरून त्यांना उडवत. अशा घरात बैल गेला की घरचे माणूस गेल्यासारखी कळा येई. त्याला शेवटचा निरोप देणे मात्र त्या घराच्या हाती नव्हते. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महार समाजावर लादले होते. मालकाचा शोक गोठ्याच्या दाराशी संपे. पुढचे ओझे ज्यांना नकार देण्याची सोय नव्हती ते वाहत. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. सवर्णांनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत, अशी मागणीही त्या परिषदेच्या ठरावांत होती. पुढे घरच्यांनीच खड्डा खणून, मीठ टाकून बैलाला बांधाकडेला माती देण्याच्या रीतीमागे माणुसकीचा हा लढा आहे, ही गोष्ट विसरता कामा नये.

जनावराची समाधी बांधणे राजेरजवाड्यांनाच परवडे. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींना खंड्या नावाच्या कुत्र्याने वाघापासून वाचवले, असे सांगतात. त्याची समाधी संगम माहुलीला आहे. सामान्यांसाठी दुसरी वाट होती पांजरपोळाची. मुंबईत 1832 साली कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाने दंगा केला आणि 1834 मध्ये मुंबई पांजरपोळ उभा राहिला. म्हातारे जनावर तिथे सोडणे हाही निरोपच होता, जिवंतपणी दिलेला.

उल्हासनगरची कथा वेगळी आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि 1949 मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले गेले. सिंधमध्ये ज्यांच्याकडे गुरे होती, त्यांना ती मागेच सोडावी लागली. बराकींच्या या गावाला बांध नव्हता, परसही बेताचेच होते. 2011 च्या जनगणनेत सुमारे 13 चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर माणसे नोंदली गेली. त्या जनगणनेआधीच्या दशकात बदलापूरची वस्ती सुमारे 98 हजारांवरून पावणेदोन लाखांपर्यंत वाढली. भातखाचरांवर इमारती आल्या आणि माती देण्याची जागाही त्यांच्याखाली गेली.

26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास नदीने काठच्या वस्त्या बुडवल्या. अशा पुरात दाव्याला बांधलेले जनावर आधी जाते. ते वाहून गेले की घरच्यांना पुरायलाही काही उरत नाही, आणि हे दुःख पंचनाम्यातल्या रकमेत मावत नाही.

आता बैलाच्या जागी सदनिकेतला कुत्रा किंवा मांजर आहे. पट्टा आणि वाटी जपून ठेवणे, फोटो लावणे, मुलांना खरे काय ते सांगणे, अशा नव्या रीती घराघरांत रुजत आहेत. नगरपालिका कायद्यात मृत जनावर हा अजून मुख्यतः स्वच्छतेचा विषय आहे. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय सुरू केली, पण बदलापूरच्या कुटुंबाला ती फार लांब पडते. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तिन्ही शहरांनी आपल्या विकास आराखड्यात माणसांच्या स्मशानाबरोबर जनावरांसाठीही जागा राखून ठेवावी.