परळच्या पेशी, वाशीचं पाळणाघर

बदनावर हा जुन्या धार संस्थानातला परगणा. वर पवारांचं मराठी राज्य, खाली माळवी बोलणारी रयत, काळ्या जमिनीत कापूस आणि गहू. इथल्या मुलीला विज्ञान शिकायचं झालं तर तिची वाट आजही बहुधा इंदूरकडे जाते. भारतातल्या स्त्री-वैज्ञानिकांच्या इतिहासातलं एक ठळक नाव याच इंदुरात जन्मलं: कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. माळव्याशी तिचं नातं फार तर जन्मापुरतं, पण तेवढा हक्क माळव्यानं सांगायला हरकत नाही.

१९३३ साली मुंबईतून बी.एस्सी. होऊन, गुणवत्ता यादीत वरचा क्रमांक मिळवून, तिनं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेच्या पहिल्या पिढीतले विद्यार्थी. प्रवेश मिळणारच, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. कमला थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून: पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. पुढे केंब्रिजला तिनं वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम-सी या घटकावर काम केलं आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. दरम्यान बंगलोरचं दार इतर मुलींनाही उघडलं होतं.

दार उघडलं, मुली आत आल्या. मग त्यातल्या कितीजणी आत टिकल्या? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर मनावर घेतला त्यांचं नावही जवळपास तेच. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७.

वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीनं हुजूरपागेतून फर्ग्युसनला जावं इथपर्यंत बापलेकीचं जमलं. त्यापुढे तिनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, ही वडिलांची इच्छा. मुलीनं दोन्ही केलं नाही. ती पुण्याच्या शेतकी कॉलेजात गेली आणि सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं तपासू लागली. धार-मांडूच्या डोंगरउतारावर दसरा-दिवाळीला जी सीताफळं पिकतात, तेच हे कूळ. १९३९ मध्ये तिनं लग्न केलं ते गणित शिकलेल्या ज. त्र्यं. रणदिव्यांशी, आणि ती मुंबईला आली. एम.एस्सी. पुरी झाली लग्नानंतर, १९४३ साली. त्या काळी लग्नपत्रिकेबरोबर बहुतेक मुलींची वह्या-पुस्तकं माळ्यावर जात. रणदिव्यांच्या घरात नवऱ्यानंच अभ्यासाला हातभार लावला.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल तेव्हा नवं होतं. ते १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कमलाबाईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे शिकायला गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या, अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढणाऱ्या हीला पेशी १९५१ मध्ये याच गाय यांच्या प्रयोगशाळेत जगवल्या गेल्या. कमलाबाई तिथे राहू शकल्या असत्या. त्या परतल्या, आणि खानोलकरांच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (आयसीआरसी) त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

हे काम कसलं, ते जरा जवळून पाहायला हवं. शरीरातून काढलेल्या पेशी बाटलीत जगवायच्या तर ३७ अंशांची ऊब लागते. क्षार, साखर आणि रक्तजल यांचं मिश्रण लागतं. दोन-तीन दिवसांनी जुनं द्रव काढून ताजं घालावं लागतं. पेशी वाढून बाटलीत दाटी झाली की त्यांची वाटणी करून नव्या बाटल्या भराव्या लागतात. हवेतला बुरशीचा एक कण आत गेला की काही आठवड्यांची मेहनत वाया. पेशींना रविवार कळत नाही, दिवाळी कळत नाही आणि घरी मूल तापानं फणफणलंय हे तर मुळीच कळत नाही. बाईनं वेळेवर घरी पोचलंच पाहिजे असं मानणाऱ्या समाजात हा पेशा बाईसाठी किती अवघड, हे ज्याला त्याला ठरवता येईल.

त्या काळात उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगाचं कोडं जगभर गाजत होतं. तो रोग आईच्या दुधातून पिलांत जातो, हे अमेरिकेच्या जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं. दुधातला तो घटक विषाणू निघाला. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध कसा जुळतो, हे कमलाबाईंनी वर्षानुवर्षं उंदरांच्या पिढ्या पाळून तपासलं. कर्करोगाइतकंच त्यांचं नाव कुष्ठरोगाशीही जोडलेलं आहे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवणं तेव्हा कुणालाच जमत नव्हतं. तो मज्जातंतूंत घर करतो, हे हेरून सहकारी बापट यांच्यासह रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णांच्या गाठींतले जंतू मज्जापेशींच्या संवर्धनात वाढवायचा प्रयत्न केला आणि १९५८ मध्ये एक जंतू हाती आल्याचं जाहीर केलं. हा खरा कुष्ठजंतू की त्याचा कुणी भाऊबंद, यावर पुष्कळ वाद झाला. पण त्याच आयसीआरसी जंतूपासून पुढे लस तयार झाली, आणि दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिनं सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. नुसत्या बीसीजीचा आकडा त्याच चाचणीत ३४ च्या आसपास होता.

१९६६ ते १९७० या काळात कमलाबाईंनी कर्करोग संशोधन संस्थेचं संचालकपद सांभाळलं. हुशार मुली येतात, पदव्या घेतात आणि लग्न, बदली, बाळंतपण यांपैकी कुठल्या तरी वळणावर गळतात, हा प्रकार तोवर सगळ्याच प्रयोगशाळांच्या अंगवळणी पडला होता. १९७३ मध्ये अकरा सहकारी स्त्रियांना बरोबर घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. अमेरिकेत अशीच संघटना दोन वर्षं आधी निघाली होती, आणि संशोधनाचा पैसा वाटणाऱ्या सरकारी समित्यांवर बायका का नाहीत म्हणून ती कोर्टात गेली होती. मुंबईच्या संघटनेची नजर वेगळ्या जागी गेली: नवी नोकरी लागलेल्या मुलीनं राहायचं कुठे, आणि तिचं मूल दिवसभर कुणी बघायचं? वाशीला संघटनेची वास्तू झाली. त्यात नोकरी करणाऱ्या स्त्रियांचं वसतिगृह, पाळणाघर, ग्रंथालय आणि आरोग्य केंद्र आलं. पुणे, नागपूर, कोल्हापूर, अमरावतीपासून देशात इतरत्रही शाखा निघाल्या. परिषदांतल्या ठरावांपेक्षा या पाळणाघरानं विज्ञानाचं जास्त भलं केलं असेल, असं म्हणायला जीव धजावतो.

याच संघटनेच्या एका कार्यक्रमात वयोवृद्ध कमला सोहोनींनी रामन यांची गोष्ट सांगितली. वैज्ञानिक म्हणून ते थोर, हे मान्य करून त्या अपमानाची सल कधीच गेली नाही, असं त्या स्पष्ट बोलल्या. तोवर जवळपास सगळं आयुष्य उलटलं होतं. असं बोलता येईल अशी जागा १९३३ मध्ये नव्हती.

कमल रणदिव्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यात राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत राहिल्या. गावातल्या बायकांना आरोग्याची माहिती द्यायचं कामही त्यांनी संघटनेमार्फत चालवलं. परदेशात शिकणाऱ्यांनी परत यावं आणि शिकलेलं इथे वापरावं, हा त्यांचा आग्रह होता. स्वतः परतलेल्या असल्यामुळे तो त्यांच्या तोंडी शोभत असे.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी परळच्या कर्करोग संशोधन संस्थेचा मुक्काम नवी मुंबईत खारघरला हलला. इंदूर-धारकडून तिथे संशोधनाला येणाऱ्या मुलीला वाशीच्या वसतिगृहातून निघून हार्बर लाईनची पनवेल गाडी पकडली की झालं. गाडी बदलावी लागत नाही.