‘लॉस’ एक, प्रतिशब्द अनेक : तोटा, हानी, नुकसान आणि त्यांचे रशियन सोबती

इंग्रजीतील ‘लॉस’ हा शब्द व्यापाऱ्याच्या वहीत, न्यायालयाच्या निकालपत्रात, शोकसंदेशात आणि क्रिकेटच्या धावफलकावर सारख्याच सहजतेने वावरतो. मराठीत आणि रशियनमध्ये मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द योजावा लागतो. लातूरकरांच्या दृष्टीने हा केवळ कोशकारांचा विषय राहिलेला नाही. येथील मराठवाडा रेल कोच कारखान्यात वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचे काम रेल विकास निगम आणि रशियातील ‘ट्रान्समाशहोल्डिंग’ यांच्या संयुक्त कंपनीकडे सोपविण्यात आले असून 120 गाड्यांचा करार 2023 मध्ये झाला. शिवाय वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाची वाट धरणारे विद्यार्थीही आहेतच.

करारापासून सुरुवात करणे सोयीचे. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 73 मध्ये करारभंगामुळे होणाऱ्या ‘लॉस’ आणि ‘डॅमेज’ची भरपाई सांगितली आहे. रशियन नागरी संहितेचे कलम 15 याच विषयाचे असून तेथील मुख्य शब्द ‘उबीत्की’ हा आहे. एकवचनी ‘उबीतक’ म्हणजे आर्थिक तोटा. या ‘उबीत्की’चे दोन भाग कायद्याने केले आहेत. प्रत्यक्ष झालेले नुकसान म्हणजे ‘उश्शेर्ब’, आणि करार पाळला गेला असता तर जो नफा मिळाला असता पण हुकला, तो दुसरा भाग. म्हणजे भाषांतरकाराने ‘उबीतक’च्या जागी नुसते ‘उश्शेर्ब’ लिहिले, तर हुकलेल्या नफ्यावरचा दावा कागदावरून गळून पडण्याची भीती आहे. मराठीत ‘तोटा’ आणि ‘नुकसान’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो; तेथे ती मोकळीक नाही.

‘उबीतक’चे मूळ कमी होणे, घटणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. योगायोग असा, की आपल्या ‘नुकसान’ शब्दाचे मूळही तेच सांगते. हा शब्द अरबी असून घट, उणेपणा हा त्याचा मूळ अर्थ. तो फारसीच्या वाटेने साऱ्या मराठीत रुळला असला, तरी मराठवाड्यात त्याचे वजन अधिक, कारण 1948 पर्यंत नांदेड-लातूरचा सरकारी व्यवहार निजामाच्या उर्दू दप्तरातून चालत असे. ‘हानी’ संस्कृत, त्यागणे-सोडणे या अर्थाच्या धातूपासून आलेली. ‘तोटा’ तुटण्याच्या कुळातला. तुटीचा अर्थसंकल्प त्याचाच भाऊबंद.

बाजारपेठेतील आणखी एक जुना शब्द नोंदवायला हवा. ‘आतबट्ट्याचा व्यवहार’ आजही ऐकू येतो. बट्टा म्हणजे नाणे बदलताना कापली जाणारी रक्कम. हैदराबाद संस्थानाचे हाली रुपये इंग्रजी रुपयांहून हलके. सहा इंग्रजी रुपयांना साधारण सात हाली रुपये असा भाव असे. दोन्ही नाणी हाताळणाऱ्या इथल्या पेढ्यांना बट्टा शब्दकोशात शोधावा लागत नव्हता.

‘तोटा’ शब्द परक्याला हमखास चकवतो, कारण टंचाई हाही त्याचा अर्थ आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा शहरात पाण्याचा तोटा होता. याचे रशियन ‘उबीतक’ लावून केले तर हास्यास्पद होईल. तेथे ‘नेदस्तातक’ म्हणजे उणीव, तुटवडा हाच शब्द हवा. जलवाहिन्यांतून जे पाणी वाया जाते, त्याला इंग्रजीत ‘लॉस’ म्हणतात, आपण ‘गळती’ म्हणतो, आणि रशियन अभियंते ‘पतेरी’ म्हणतात. वीजवहनातील हानीलाही तेथे हाच शब्द आहे.

‘पतेर्या’ हा त्या शब्दाचा एकवचनी रूपातला, रशियनमधील सर्वांत व्यापक प्रतिशब्द. हरवलेली किल्ली, वाया गेलेला वेळ, घटलेले वजन, गेलेले माणूस, सगळे त्यात येते. अनेकवचनात युद्धातील मनुष्यहानी असाही अर्थ होतो. गोंधळून जाणे, काही न सुचणे यासाठीचा रशियन शब्दही हरवण्याच्या याच क्रियापदावरून बनला आहे. मराठीत ‘हरवणे’ वेगळीच गंमत करते. वस्तू हरवते आणि प्रतिस्पर्ध्यालाही हरवता येते. रशियनमध्ये खेळातील हार म्हणजे ‘प्रोइग्रिश’, पूर्णपणे निराळा शब्द.

मृत्यूच्या संदर्भात दोन्ही भाषा सावध होतात. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, हजारो माणसे दगावली आणि पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या काळातील मराठी वार्तांकनाची भाषा आठवावी: ‘जीवितहानी’ आणि ‘मालमत्तेचे नुकसान’. ‘जीवित-नुकसान’ कोणी लिहिले नाही, लिहिणार नाही. ज्याचा पंचनामा होऊन रक्कम ठरू शकते ते नुकसान. पिकांचेही तसेच. 2015 पासून शासकीय मदतीसाठी 33 टक्के वा अधिक नुकसानीची अट आहे, ती हानीची अट नाही.

रशियनमध्ये ही सीमारेषा ‘उत्राता’ या शब्दाने आखली जाते. आप्ताचे जाणे, थोर व्यक्तीचे निधन, परंपरेचा लोप यांसाठी तो राखीव म्हणावा असा गंभीर शब्द आहे. शोकसंदेशात त्याला ‘नेवस्पल्नीमाया’ हे विशेषण जोडतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘जी भरून काढता येत नाही अशी’. आपल्या श्रद्धांजलीच्या बातम्यांतील ‘कधीही भरून न निघणारी हानी’ हे शब्द त्याच्याशी इतके जुळतात, की येथे भाषांतरकाराला काहीच करावे लागत नाही.

‘उश्शेर्ब’बद्दल एक राहिले. त्याच्या मुळाशी टवका उडणे, कड फुटणे ही कल्पना आहे, आणि कृष्ण पक्षातील घटत्या चंद्रालाही रशियन माणूस हाच शब्द लावतो. नुकसानभरपाईसाठीचा रशियन शब्द ‘जागा’ या नामावरून आला आहे. गेलेल्याच्या जागी दुसरे ठेवणे असा त्याचा भाव. मराठी ‘भरपाई’ खड्डा भरू पाहते.