आजीच्या जमाखर्चातील कसर

पदव्युत्तर वर्गाला आत्मचरित्रे शिकवताना दरवर्षी एक अडचण येते. स्मृती आणि दस्तऐवज यांतील भेद विद्यार्थ्यांना समजावून द्यायचा, तर हाताशी एखादा दस्तऐवज हवा. दोन वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाने त्यासाठी घरून पत्र्याची एक पेटी आणली. तीत त्याच्या आजी-आजोबांच्या जमाखर्चाच्या अकरा वह्या होत्या. आजोबा वाईचे, शाळामास्तर. १९५६ साली सेवानिवृत्त झाले. पहिली वही त्याच वर्षीची आहे. १९७८ मध्ये ते वारले आणि वहीतले अक्षर बदलले. तिथून पुढचा हिशेब आजीच्या हातचा, तो १९९५ च्या हिवाळ्यापर्यंत चालतो. वर्गात दाखवायला आणलेल्या या वह्या आम्ही दोघे मग संध्याकाळी विभागात बसून वाचू लागलो. दोन वृद्ध माणसांनी चाळीस वर्षे पैसा कसा वाचवला याचा तो सलग इतिहास आहे, हे कळायला थोडा वेळ लागला.

वेळ लागला, कारण प्रथम आम्ही त्या हसत हसत वाचल्या. म्हाताऱ्या माणसाचा चिक्कूपणा हा आपल्याकडे विनोदाचा हक्काचा विषय आहे. मोलिएरचा कंजूष म्हातारा आचार्य अत्रे यांनी ‘कवडीचुंबक’मध्ये मराठी रंगभूमीवर आणला आणि प्रेक्षकांनी त्याला आपल्या आळीतला माणूस म्हणून लगेच ओळखले. पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा रत्नागिरीत वीज आली तरी ती घ्यायला राजी नसतो. आपण खळखळून हसतो, आणि उजेडात दिसणार काय तर दारिद्र्यच, हे त्याचे म्हणणे क्षणभराने मनात उतरते. ‘कृपण’ हा शब्दच पाहावा. संस्कृतात त्याचा एक अर्थ दीन, केविलवाणा असा आहे आणि दुसरा कंजूष. भगवद्गीतेतल्या अर्जुनाचे ‘कार्पण्य’ हे दैन्य आहे, चिक्कूपणा नव्हे. मराठीने यांतला दुसरा अर्थ तेवढा जवळ केला, पहिला जवळजवळ विसरून टाकला. ‘काटकसर’ या शब्दातही असेच काही दडलेले आहे. ‘कसर’ मूळचा अरबी; तूट आणि अपूर्णांक हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. आजोबांच्या वह्यांत काटकसर आहे ती अक्षरशः अपूर्णांकांची.

ते अपूर्णांक आजच्या विद्यार्थ्याला वाचताही येत नाहीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै. हा हिशेब तोंडी करता यावा म्हणून शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी अशी पाठांतरे असत. साडेतीनची ‘औटकी’ही असे. आजोबांनी आयुष्यभर पोरांकडून हेच घोकून घेतले आणि ते निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत, १ एप्रिल १९५७ रोजी, सरकारने रुपयाचे शंभर नये पैसे केले. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा नये पैसे होतात. सव्वासहाचे नाणे नसते, म्हणून सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५ नये पैसे असे पूर्णांक ठरले. वहीत त्या एप्रिलच्या पानांवर कोथिंबीर ६, मिरची ६, आले ६ अशा तीन वेगळ्या ओळी रोज दिसतात. आम्हाला ही मास्तरी टापटीप वाटली होती. मग कोष्टक शेजारी ठेवून पाहिले. तीन आण्यांची भाजी एकदम घेतली तर १९ पैसे पडत. एकेका आण्याची तीनदा घेतली तर १८. पंचावन्न वर्षांचा निवृत्त माणूस रोज एक नवा पैसा वाचवण्यासाठी एकाच भाजीवालीला तीनदा पैसे मोजून देत होता. ती बाई त्यांना काय म्हणत असेल, याची नोंद अर्थातच नाही.

हा स्वभाव म्हणावा की शिक्षण? आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. या जोडप्याचे संसाराचे ऐन दिवस टंचाईत गेले. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले, आणि त्याच साली युद्धामुळे धातू वाचवावा म्हणून सरकारने पैशालाच मधोमध भोक पाडले. ज्या राज्यात खुद्द टांकसाळ नाण्याच्या पोटातला धातू काढून ठेवते, त्या राज्यातल्या प्रजेने साबणाचा तुकडा तुकड्याला चिकटवला, यात नवल कसले? युद्धकाळात कागद मिळेना, ती सवय पुढेही सुटली नाही. पहिल्या चार वह्या विकतच्या नाहीतच. पाठकोऱ्या उत्तरपत्रिका दोऱ्याने शिवून केलेल्या आहेत. एका पानावर १९६५ च्या अखेरीस ‘सोमवार रात्र, चूल नाही’ अशी नोंद सुरू होते. लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. आवाहनाची निकड सरली तरी वहीतला सोमवार बरीच वर्षे उपाशी राहिला. १९७२ च्या दुष्काळाच्या पानांत ‘मिलो’ येते. अमेरिकेहून आलेली ती तांबडी ज्वारी रेशनवर मिळे. तिची भाकरी थापताना कशी तुटे, हे त्या पिढीतल्या कोणत्याही बाईला विचारावे.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्याच दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि सुकडीवर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची काटकसर आमच्या पेटीत नाही. ज्यांना लिहिता येत होते आणि लिहिण्याजोगी काही जमा होती, त्यांचाच हा इतिहास.

वह्यांतला सर्वांत समृद्ध भाग वर्षाच्या बेगमीचा आहे. सुगीनंतर धान्य स्वस्त, म्हणून गहू, तांदूळ, तूरडाळ वर्षाची एकदम भरायची. गव्हाला एरंडेल चोळायचे, कणगीत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि बिब्बे टाकायचे. चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे, पापड. जुनी लुगडी आणि धोतरे यांच्या गोधड्या. धोतराचे जे गोधडीतही चालणार नाही त्याची फडकी, फडक्यांचेही शेवटी काकडे. शिकेकाई आणि रिठे घरी कुटलेले. पोस्टकार्डावर पत्त्याची जागा सोडून तसूभरही कोरे राहत नसे. आज वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत निवृत्तांसाठी बचतीच्या ज्या युक्त्या छापून येतात, त्यांतली एकही या बाईला नवी वाटली नसती.

परंतु दहा-बारा वर्षांची पाने सलग उलटली की आणखी काही दिसू लागते. १९६० मध्ये गहू पोत्याने येतो. १९७४ मध्ये वीस किलो. आजोबा गेल्यानंतर पाच किलो, आणि १९९० च्या सुमारास आजी दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून एक किलो पीठ आणते आहे, तेही दळलेले, म्हणजे महाग. तिचा हात सैल झाला, असा याचा अर्थ नव्हे. पोते उचलायला माणूस नव्हते, उन्हात वाळवण राखायला गुडघे नव्हते, सुईत दोरा ओवायला डोळे नव्हते. काटकसरीच्या साऱ्या पारंपरिक युक्त्यांना शरीर लागते आणि एकरकमी पैसा लागतो. वार्धक्यात नेमक्या याच दोन गोष्टी आटतात. म्हणून ज्याच्यापाशी पैसा कमी तो म्हातारा माणूस तीच वस्तू अधिक दराने घेतो. युक्त्या एकेक करून हातातून जातात, आणि मग वाचवण्याचा एकच मार्ग उरतो: न घेणे.

मराठीतले बचतीचे उपदेशपर लेखन या टप्प्याशी कधी बोलतच नाही. पोस्टातील बचत बँक १८८२ पासूनची. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे, किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक १९३० चे. या परंपरेत वाढलेला उपदेश कमावत्या पुरुषाला आणि कर्त्या गृहिणीला उद्देशून असतो. ज्याला भविष्य आहे त्याला. पुंजी मुलाच्या शिक्षणासाठी, मुलीच्या लग्नासाठी, आणि म्हातारपणासाठी. म्हातारपण हे तिथे बचतीचे कारण आहे. म्हातारपणी माणूस काय वाचवतो आणि कशासाठी, हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तोवर मुलगा हाताशी आलेला असणार हे गृहीत आहे. या गृहीताला सर्वांत मोठा तडा साहित्याने दिला. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आले. गणपतराव बेलवलकर आपले सारे मुलांना देऊन टाकतात आणि पुढे बेघर होतात. शोकांतिका म्हणून त्या नाटकावर विपुल लिहिले गेले आहे. आम्हाला मात्र असे वाटते की नाट्यगृहातून बाहेर पडलेल्या साठीच्या प्रेक्षकाने त्यातून एक साधा व्यावहारिक धडाही घेतला असणार, आणि घरी जाऊन पासबुक कपाटात आणखी आत ठेवले असणार. शासनाने केवळ ज्येष्ठांसाठी म्हणून बचत योजना काढली ती २००४ साली. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा घरोघरच्या म्हाताऱ्यांनी डाळीच्या डब्यांतून आणि लुगड्यांच्या घड्यांतून ज्या नोटा काढून मुलांपुढे ठेवल्या, त्या पाहून मुलांना धक्का बसला. आईने आपल्यापासून पैसे लपवले, याचे त्यांना वाईट वाटले. तिने ते का लपवले, हे तिला विचारण्याचे धाडस फार थोड्यांनी केले असावे.

आता आजीच्या वहीकडे. आजोबांच्या मागे तिच्या जमेच्या बाजूला दरमहा एकच ओळ आहे: ‘चि. कडून म. ऑ.’ मुलगा पुण्याहून मनीऑर्डर पाठवी, कधी चुकली नाही. नातू उन्हाळ्यात वाईला जाई. त्याला आठवते की आजी महिन्याच्या पाच-सहा तारखेला कारण नसताना ओट्यावर बसून राही आणि पोस्टमन दिसला की उठून आत जाई. आपण वाट पाहत होतो हे त्याला कळू नये म्हणून. मुलाने रक्कम वाढवू का असे पत्रातून विचारले की तिचे उत्तर ठरलेले: आहेत त्यातले उरतात. आणि ते खरेही होते. वहीत दरमहा शिल्लक आहे. आम्ही आधी म्हटले त्या ‘न घेण्या’ची ही शिल्लक.

खर्चाच्या बाजूला १९८८ पासून ‘ब्लडप्रेशर गोळ्या’ ही नोंद सुरू होते. रोज एक गोळी, दहाची पट्टी. म्हणजे महिन्याला तीन पट्ट्या. तीन वर्षे महिन्यात तीनदा ही ओळ येते. १९९१ च्या पावसाळ्यापासून ती दोनदा येऊ लागते. १९९३ पासून एकदा. किंमत दर वेळी थोडी वाढलेली. गोळी अर्धी करून, मग दिवसाआड घेतली जात होती, हे घरात कोणालाही माहीत नव्हते. डॉक्टरांनाही तिने सांगितले नसणार. त्याच महिन्यांत ‘नातवास वह्या’, ‘सूनबाईस खण’, ‘पोस्टात भरले’ या ओळींत खंड नाही. घरात त्या काळी तिच्या हिशेबीपणाचे कौतुक चाले. पाहुण्यांना वही दाखवली जाई.

डिसेंबर १९९५ मध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. गोळ्या नियमित घेतल्या असत्या तर तो आलाच नसता, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. एवढे मात्र वहीवरून काढता येते, आणि आम्ही ते काढले: साडेचार वर्षांत न घेतलेल्या गोळ्यांचे वाचलेले सारे पैसे इस्पितळाच्या पहिल्या दोन दिवसांनाही पुरले नाहीत. पोस्टातल्या पैशांबद्दल वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिले होते, ‘माझ्या शेवटच्या खर्चास. कोणास मागू नये.’

मागच्या वर्षी या वह्या आम्ही वर्गात दाखवल्या. दस्तऐवज आणि स्मृती यांविषयी जे सांगायचे ते सांगितले. एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले की स्वस्त जेनेरिक औषधांची सरकारी दुकाने तेव्हा नव्हती का. नव्हती, जनऔषधी योजना २००८ ची. तिने ते वहीत टिपून घेतले नाही. मोबाइल काढून घरी काहीतरी संदेश पाठवला.

आमच्यापैकी ज्याची ही पेटी, त्याची आई आता बहात्तर वर्षांची आहे. चहाची भुकटी दुसऱ्यांदा उकळते, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते, रिकाम्या खोलीतला दिवा मालवायला जिना चढून जाते. त्याला तो काही बोलत नाही. दर रविवारी मात्र तिच्या औषधांच्या डब्यातल्या पट्ट्या काढून किती गोळ्या फुटल्या ते मोजतो. ती चिडून विचारते, रे, मी काय लहान आहे का? तो म्हणतो, नाही, आजीचा हिशेब तपासतोय.