व्याघ्रगडाच्या पायथ्याशी

वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. हे नाव शिवकाळातलं मानतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला २०१० साली. म्हणजे सरकारी कागद बराच उशिरा आला.

बामणोलीहून बोटीने शिवसागर ओलांडला की पलीकडे मेट इंदवली. गडाच्या उतारावर पहारेकऱ्यांची वस्ती असे, तिला मेट म्हणत. आता तिथे वनखात्याची चौकी आहे. आमच्या सॅकमधल्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून मगच वर सोडलं. आजचे मेटकरी हेच, म्हणा ना!

वर दाट जंगल. शेकरू दिसली, गव्याचं शेण दिसलं, वाघ अर्थातच नाही. पण मला ओढ होती ती ताई तेलिणीची. पंतप्रतिनिधी पेशव्यांच्या कैदेत पडल्यावर ह्या बाईने बापू गोखल्यांच्या फौजेसमोर वासोटा कित्येक महिने लढवला. पुढे २० फेब्रुवारी १८१८ ला अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यांचं कुटुंब तेव्हा ह्याच गडावर अडकलेलं होतं, बाजीरावानेच ठेवलेलं. एप्रिलमध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि गड लगेच पडला. तो डोंगर इतका जवळ दिसतो की त्यात नवल वाटत नाही.

गाइड लोक ह्या रानाला 'अस्पर्श' म्हणतात, ते मला पटत नाही. इथे गावं होती, शेती होती. साठच्या दशकात कोयना धरण झालं आणि खोरं बुडालं. माणसं रायगड, ठाणे, सोलापूरपर्यंत पांगली. त्याच पाण्यावर १९६० मेगावॉटची वीज होते. आमचे सर्व्हर, माझा लॅपटॉप, तुमच्या हातातला मोबाइल, सगळ्यांनी त्यातली थोडीफार खाल्ली असणार. १९८५ मध्ये उरलेल्या रानाचं अभयारण्य झालं. शेतं बुडवून झाल्यावर!

परतताना बोटवाल्या काकांना विचारलं, तुमचं गाव कुठलं? त्यांनी हँडल न सोडता पाण्याकडे मान वळवली.

"हितंच की. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांध दिसत्यात."

"तुम्ही पाहिलंय गाव?"

"न्हाय. आजा दाखवायचा. हे आपलं, ते पाटलाचं. मला समदं पाणीच दिसायचं."