रॉकर्सचा पाद्री: बिनपगारी चॅप्लेन क्लबात नक्की करतो काय?

‘चॅप्लेन’ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न मला प्रबंधाच्या पहिल्या पानापासून छळतो आहे. ‘पाद्री’ म्हटलं की डोळ्यांपुढे चर्च येतं, रविवारची प्रार्थना येते. ‘धर्मोपदेशक’ म्हणावं, तर ज्याच्याबद्दल लिहायचंय तो माणूस उपदेश करायचं शक्यतो टाळतो. चॅप्लेन हा पाद्रीच, पण चर्चच्या भिंतीबाहेरचा. तो पलटणीचा असतो, तुरुंगाचा असतो, हॉस्पिटलचा असतो. लोक त्याच्याकडे येत नाहीत, लोक जिथे आहेत तिथे तो जातो.

शब्दाचा उगमही ऐकण्यासारखा आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन शिपायाने आमिआँ गावाच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, अशी कथा आहे. पुढे हा मार्टिन संत झाला आणि फ्रँक राजांनी तो झगा पवित्र वस्तू म्हणून जपला. झग्याला लॅटिनमध्ये ‘काप्पा’ म्हणतात, म्हणून तो सांभाळणारे पुरोहित ‘कापेलानी’ झाले. आजचा ‘चॅप्लेन’ तिथून आला.

पलटणीत आणि तुरुंगात चॅप्लेन का लागतो, हे सांगायला नको. तिथे मरण असतं, एकटेपणा असतो. पण लोक निव्वळ मजा करायला जिथे जमतात, त्या क्लबात चॅप्लेन कशाला? तोही बिनपगारी? हे समजून घ्यायला मी आज तुम्हाला 1962 सालच्या लंडनमध्ये नेणार आहे. तिथला हा क्लब मोटारसायकलवाल्यांचा होता.

आधी थोडी पार्श्वभूमी

1950चं दशक सरता सरता ब्रिटनमधल्या कामगार वस्त्यांतल्या पोरांच्या खिशात पहिल्यांदाच बऱ्यापैकी पैसे खुळखुळायला लागले. नोकऱ्या मिळत होत्या, हप्त्यावर गाडी घेता येत होती. सक्तीची लष्करी भरती 1960 अखेर थांबली, म्हणजे अठराव्या वर्षी पोरांना उचलून नेणारी यंत्रणाही गेली. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन अशा गाड्या, चामड्याची जॅकेटं आणि रॉक अँड रोल, असं त्यांचं जग होतं. लोक त्यांना ‘रॉकर्स’ किंवा ‘टन-अप बॉइज’ म्हणत. ‘टन’ म्हणजे ताशी 100 मैल, आपल्या हिशेबाने सुमारे 160 किलोमीटर. एकदा तरी तो आकडा गाठायचा, ही ईर्षा.

यांचा मुख्य अड्डा म्हणजे लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा ‘एस कॅफे’. 1938 साली लॉरीवाल्यांसाठी सुरू झालेलं हे रात्रभर चालणारं हॉटेल. जुकबॉक्सवर गाणं लावायचं आणि ते संपायच्या आत ठरलेल्या ठिकाणापर्यंत गाडी पळवून परत यायचं, अशा शर्यतींचे किस्से आजही सांगितले जातात. हेल्मेटची सक्ती तेव्हा नव्हती. ती ब्रिटनमध्ये आली 1973 साली. अपघात व्हायचे, पोरं मरायची. मोटारसायकलवाल्या टोळीवरचा, मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा सिनेमा ब्रिटिश सेन्सॉरने 1954 साली अडवला आणि थेट 1967 साली सोडला. मोठ्या माणसांना या पोरांची केवढी धास्ती होती, ते यावरून कळावं.

आता दुसरं ठिकाण. पूर्व लंडनमधला हॅकनी विक हा गरीब कामगारांचा भाग. ईटन या श्रीमंतांच्या शाळेने 1880 साली तिथे ‘ईटन मिशन’ सुरू केलं. श्रीमंतांनी गरिबांची सोय पाहायची, हा त्या काळचा खास व्हिक्टोरियन खाक्या. तिथले तरुण सहायक पाद्री जॉन ओट्स यांनी 1959 साली वस्तीतल्या मुलांसाठी क्लब काढला. साल 1959, म्हणून नाव ‘फिफ्टीनाइन क्लब’. उद्घाटनाला क्लिफ रिचर्ड हा तेव्हाचा उगवता गायक आला होता. इथवरची गोष्ट चर्चच्या कुठल्याही युवक क्लबसारखीच आहे.

घाबरलेला पाद्री

त्याच मिशनचे मुख्य पाद्री होते बिल शेरगोल्ड. ते स्वतः मोटारसायकल चालवायचे. मोटारसायकलवाल्यांसाठी चर्चमध्ये खास प्रार्थनासभा घ्यायची, हे त्यांच्या मनात आलं. त्यासाठी आमंत्रण द्यायला हवं, आणि ते द्यायचं तर एस कॅफेला जायला हवं.

शेरगोल्ड यांनी पुढे स्वतःच सांगितलेली आठवण अशी: गळ्यातली पांढरी पट्टी मफलरखाली लपवून ते निघाले. कॅफे जवळ आला, तसं पोटात गोळा आला. ही पोरं आपली काय गत करतील, या भीतीने त्यांनी गाडी वळवायच्या ऐवजी अॅक्सिलरेटर पिळला आणि कॅफेसमोरून सुसाट निघून गेले. पहिली फेरी फुकट गेली. नंतर धीर गोळा करून ते पुन्हा गेले, या वेळी आत शिरले, आणि पोरांनी त्यांना अगदी नीट वागवलं. गाडी कुठली, इंजिन कसं आहे, इथून गप्पा सुरू झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, किस्सा छान आहे, पण इतिहास म्हणून याचं काय करायचं? मला वाटतं, चॅप्लेनच्या भूमिकेचा गाभा या किश्शातच आहे. चर्चमध्ये पाद्री यजमान असतो. जागा त्याची, नियम त्याचे, बसायचं कधी आणि उठायचं कधी हेही तोच ठरवतो. एस कॅफेत शेरगोल्ड पाहुणे होते, तेही न बोलावलेले. त्यांना हाकलून द्यायचा हक्क पोरांकडे होता. क्लबातल्या बिनपगारी चॅप्लेनची अवस्था कायम अशीच असते. पगार नाही म्हणून तो व्यवस्थापनाचा माणूस नाही. शिक्षा करायचा अधिकार नाही म्हणून तो पोलीस किंवा मास्तर नाही. लोक टिकू देतील तोवरच तो टिकतो.

1962 साली ती प्रार्थनासभा झाली. पोरं आली, आणि काही मोटारसायकली थेट चर्चच्या आत आणून उभ्या केल्या गेल्या. वर्तमानपत्रांना आयताच विषय मिळाला. त्यातूनच फिफ्टीनाइन क्लबची मोटारसायकल शाखा उभी राहिली आणि बघता बघता सभासद हजारोंच्या घरात गेले. क्लबचा बिल्ला जॅकेटवर मिरवायला लागला. सभासद व्हायला चर्चला येण्याची अट नव्हती.

मग रोजचं काम काय? ऐकायला अगदी साधं आहे. क्लबात हजर राहायचं, नावं लक्षात ठेवायची, कोण दोन आठवडे दिसला नाही याची नोंद मनात ठेवायची. कुणाचा अपघात झाला की हॉस्पिटलात जायचं. लग्न असेल तर लग्नाला, आणि वेळ आली तर अंत्यविधीला. हे शेवटचं नीट ध्यानात घ्या. क्लब मौजेचा होता खरा, पण ती मौज मरणाला खेटून चालायची. मेलेल्या पोराबद्दल चार शब्द बोलायची वेळ येते, तेव्हा त्याचं नावही ठाऊक नसलेला पाद्री आणि त्याच्याबरोबर गाडी चालवलेला पाद्री यांत काय फरक पडतो, हे सांगायला शोधनिबंध नको. मौजेच्या जागी चॅप्लेन कशाला, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं.

1964ची परीक्षा

1964च्या ईस्टरला क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी, आणि मे महिन्यात मार्गेट, ब्रायटन वगैरे ठिकाणी ‘मॉड्स’ आणि ‘रॉकर्स’ यांच्या मारामाऱ्या झाल्या. मॉड्स म्हणजे स्कूटरवाली, सूटबुटातली पोरं. वर्तमानपत्रांनी या मारामाऱ्यांना लढाईचं रूप दिलं. स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने 1972 साली याच प्रकरणावर ‘फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: दंगा झाला नाही असं नव्हे, पण पत्रकार, न्यायाधीश आणि पुढारी यांनी मिळून तो फुगवला. एका अख्ख्या पिढीची भीती घालायला समाजाला एक बागुलबुवा हवा होता, तो त्यांनी घडवला.

कोहेनचं पुस्तक वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवते. बागुलबुवाला नाव नसतं, तो नुसता ‘रॉकर’ असतो. अशा वेळी, या पोरांना एकेकट्या नावाने ओळखणारी मोठी माणसं घराबाहेर किती असतील? क्लबाचा चॅप्लेन त्या मोजक्यांपैकी एक होता. तो पोरांची बाजू घेत होता की नाही, हा मुद्दा नंतरचा. तो त्यांना ओळखत होता, हेच त्या हंगामात मोठं होतं.

साठच्या दशकात क्लब पॅडिंग्टनला हलला. पुढे शेरगोल्ड डोव्हरला गेले. त्यांच्या जागी फादर ग्रॅहम हलेट आले. माणूस बदलला, जागा बदलली, तरी क्लब चालू राहिला. म्हणजे हा एका हौशी पाद्र्याचा लहरी प्रयोग नव्हता. चॅप्लेन ही भूमिका तयार झाली होती आणि ती दुसऱ्याच्या हाती देता येत होती.

गळ की मैत्री?

आता अवघड प्रश्न. हे सगळं म्हणजे पोरांना चर्चकडे ओढायचा गळच होता ना? ही शंका रास्त आहे. आणि तिच्या जोडीला दुसरीही एक शंका आहे. 1960 साली ब्रिटिश सरकारच्या आल्बेमार्ल समितीने युवक क्लबांवर जास्त खर्च करावा असा अहवाल दिला होता. मोकाट पोरांना छपराखाली आणायचं, डोळ्यांसमोर ठेवायचं, हा हेतू त्या काळी सरकारलाही होता आणि चर्चलाही. म्हणजे चॅप्लेन हा गोडीगुलाबीने राखण करणारा शिपाईच, असंही कुणी म्हणू शकेल.

मी या दोन्ही शंका खोडून काढणार नाही. शेरगोल्ड श्रद्धाळू पाद्री होते; पोरांनी देवाकडे वळावं असं त्यांना वाटत नसेल, असं म्हणणं त्यांच्यावरच अन्याय. पण हेतू आणि अट या दोन गोष्टी वेगळ्या. गळ ओळखायची माझी कसोटी साधी आहे: ‘नाही’ म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं? त्याच्याशी बोलणं थांबतं का, दार बंद होतं का? फिफ्टीनाइन क्लबात ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या जॅकेटवर बिल्ला राहिला. चर्चच्या हजेरीपटावरून मोजलं, तर म्हणूनच हा क्लब फारसा ‘यशस्वी’ दिसणार नाही. पण हजेरीपट ही चर्चची मोजपट्टी आहे, क्लबाची नव्हे. कागद एका संस्थेचे आणि माणसं दुसऱ्या जगातली असली, की इतिहास लिहिणाऱ्याची इथेच फसगत होते.

पुढे ही समज खेळाच्या क्लबांतही रुजली. बाप्टिस्ट पाद्री जॉन बॉयर्स 1977 साली वॉटफर्ड फुटबॉल क्लबाचे चॅप्लेन झाले आणि नंतर मँचेस्टर युनायटेडला गेले. 1991 साली त्यांनी खेळातल्या चॅप्लेनांची संघटनाही उभी केली. तिथला अलिखित नियम असा की विचारपूस आपणहून करायची, धर्माची गोष्ट मात्र समोरच्याने विचारली तरच काढायची. दुखापतीने खेळ सुटलेला विशीतला पोरगा प्रशिक्षकाजवळ रडू शकत नाही, कारण संघात कोणाला घ्यायचं हे प्रशिक्षकच ठरवतो. चॅप्लेन काहीच ठरवत नाही, म्हणून त्याच्याजवळ बोलता येतं. मघाच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे.

एस कॅफे 1969 साली बंद पडला आणि 2001 साली त्याच जागी पुन्हा उघडला. फादर शेरगोल्ड 2009 साली गेले. क्लबाचा बिल्ला आजही जॅकेटांवर दिसतो.

माझ्यापुढची अडचण मात्र तशीच आहे. चॅप्लेनचं मुख्य काम म्हणजे हजर असणं, आणि ‘अमुक दिवशी अमुक माणूस नुसता बसून होता’ असं कुठल्याच इतिवृत्तात कुणी लिहीत नाही. सभा, ठराव, जमाखर्च सगळं सापडतं, हे सापडत नाही. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या जिमखान्यात किंवा गिर्यारोहण मंडळात असा कुणी असेल, ज्याच्याकडे पद नाही, मानधन नाही, पण कुणाला काही झालं की आधी त्यालाच फोन जातो, तर त्याच्याबद्दल कुठेतरी चार ओळी लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी माझ्यासारखा कुणीतरी त्या शोधत येईल.