एक रुपयाचं तिकीट

विमानाचं तिकीट काढायचं म्हटलं की आमच्याकडे फोनवर एकच प्रश्न येतो, "कुठलं स्वस्त आहे रे?" चांगलं कुठलं, हे आता कोणी विचारत नाही. पूर्वी विचारायचे. हा बदल कधी आणि कसा झाला ते जरा लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. तर मंडळी, विमानांच्या इतिहासाची ही एक छोटीशी फेरी. चहा घेऊन बसा.

१९५३ साली सरकारने देशातल्या आठ खाजगी विमान कंपन्या ताब्यात घेतल्या आणि देशांतर्गत उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स उभी केली. पुढची जवळपास चाळीस वर्षं प्रवाशाने निवड करायचा प्रश्नच नव्हता. एकच दुकान, एकच भाव. नव्वदच्या दशकात दार किलकिलं झालं. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी, सहारा, जेट अशी नावं आली आणि १९९४ मध्ये जुना कायदाही रद्द झाला. पण या कंपन्यांची स्पर्धा भावाची नव्हतीच. कोण गरम जेवण देतं, कोण हसून नमस्कार करतं, यावर चालायची. १९९७ पर्यंत त्यातल्या जेट आणि सहारा या दोघीच काय त्या उरल्या. विमान मात्र होतं तसंच साहेबांचं राहिलं. आपल्यातले बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ते कंपनीने पाठवलं म्हणून!

मग आले कॅप्टन गोपीनाथ. सैन्यातून बाहेर पडलेले, शेती केलेले, हेलिकॉप्टर भाड्याने देणारे. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांच्या एअर डेक्कनचं पंख्याचं छोटं एटीआर विमान बंगलोरहून हुबळीला गेलं. मुंबई-दिल्ली नाही, हुबळी! (आम्हा पुणेकरांना तोवर डेक्कन म्हटलं की एक तर जिमखाना आठवायचा नाही तर राणी.) कंपनीची ओळख म्हणून त्यांनी घेतला आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. चौकड्यांचा कोट आणि धोतर नेसलेला तो मुका गृहस्थ इतकी वर्षं व्यंगचित्रात कोपऱ्यात उभा राहून सगळं बघत होता, तो आता विमानावर जाऊन बसला.

डेक्कनमध्ये फुकट काही नव्हतं. पाणीसुद्धा विकत. आसन क्रमांकच नसायचे, जो आधी चढेल त्याची खिडकी. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचा पिढीजात अनुभव असलेल्या आपल्या लोकांना यात अवघड काहीच नव्हतं. विमान उशिरा येणं, आयत्या वेळी रद्द होणं हेही बरंच चालायचं आणि त्यावरून लोक कडाडून भांडायचे. पण पुढच्या वेळी तिकीट पुन्हा तिथलंच काढायचे. कारण काही तिकिटं चक्क एक रुपयाला असायची. कर आणि इतर शुल्क वेगळं, आणि अशी तिकिटं मोजकीच. लवकर काढाल तर स्वस्त, आदल्या दिवशी काढाल तर महाग. एकाच रांगेत बसलेल्या तिघांनी तीन वेगवेगळे भाव दिलेले. शेजाऱ्याला पगार विचारू नये तसं तिकीटही विचारू नये, हे आपण तेव्हा शिकलो.

२००५ आणि २००६ ही वर्षं म्हणजे नुसती जत्रा. मे २००५ मध्ये स्पाइसजेट आली (जुन्या मोदीलुफ्तचाच पुनर्जन्म), पहिले ९९ दिवस ९९ रुपयांची तिकिटं घेऊन. त्याच महिन्यात किंगफिशर आली, पण ती थाटामाटाची. नोव्हेंबरमध्ये वाडियांची गोएअर आणि ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो. एकाच मार्गावर पाच-सहा पर्याय, आणि निवड ठरायची दोनशे रुपयांच्या फरकावर. चुलत्यांची बदली, बहिणीचं बाळंतपण, कोणाचं आजारपण, अशा कामांसाठी लोक विमानाने जायला लागले. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतली खरी मोठी गोष्ट ही. आजारी आईला भेटायला जायचं तर गाडीत दोन रात्री काढायच्या, हे ज्यांनी केलंय त्यांना एक रुपयाच्या तिकिटाची चेष्टा करवणार नाही.

पण एक रुपयात विमान उडत नाही, हा हिशेब कोणाला तरी चुकता करावाच लागणार होता. २००७ मध्ये जेटने सहारा विकत घेतली आणि किंगफिशरने डेक्कनमध्ये हिस्सा घेतला. परदेशी उड्डाण करायचं तर आधी देशात पाच वर्षं उडवलेली हवीत असा तेव्हा नियम होता. किंगफिशरची पाच भरायला वेळ होता, डेक्कनची २००८ मध्ये भरत होती. कॉमन मॅनचं विमान लंडनला जायच्या परवान्यासाठी कामी आलं म्हणायचं! त्याच जुलैमध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं. डेक्कनचं नाव पुसून तिथे किंगफिशर रेड आलं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवानाच निलंबित झाला.

आपल्याकडे विमानाच्या इंधनावर राज्यं कर लावतात आणि तो चांगला जबर असतो. मुंबई-पुण्यात तो २५ टक्के होता, मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ वर आणला गेला. म्हणजे तिकीट स्वस्त, इंधन महाग. मधली दरी कर्जाने भरायची. डिसेंबर २०१४ मध्ये तेल कंपन्यांनी उधारी थांबवली तेव्हा स्पाइसजेटची विमानं काही तास जागेवर उभी होती. ती कशीबशी वाचली. एप्रिल २०१९ मध्ये जेट बंद पडली, मे २०२३ मध्ये गो. लोकांच्या हातात तिकिटं तशीच राहिली आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले.

इंडिगो टिकली ती कशी, हे बघण्यासारखं आहे. पहिलं विमान उडायच्याही आधी, जून २००५ मध्ये त्यांनी एअरबसकडे एकदम शंभर विमानं मागवली. घाऊक भावात घ्यायची, भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायची आणि तीच भाड्याने वापरायची. जुनी झाली की परत. बरीच वर्षं एकाच जातीची विमानं, त्यामुळे वैमानिक, मेकॅनिक, सुटे भाग सगळं एकच. शिडीऐवजी उतरंड लावली, म्हणजे प्रवासी भराभर चढतात आणि विमान पुन्हा लवकर हवेत जातं. पराठे नाहीत, टीव्ही नाही, नखरे नाहीत. हे किराणा दुकानदाराचं शहाणपण आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. मात्र बाकीचे एकेक करून गळत गेले आणि २०२३ पासून देशातल्या दहापैकी सहाहून अधिक प्रवासी एकाच कंपनीकडे आले.

गोपीनाथांनी मध्ये पुन्हा एकदा प्रयत्न केला. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कन हेच नाव घेऊन जळगाव आणि नाशिकहून मुंबईला एकोणीस आसनांची विमानं सुरू केली. सरकारच्या उडान योजनेत. २०२० च्या टाळेबंदीत तीही बंद झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये अकासाचं पहिलं विमान मुंबईहून अहमदाबादला गेलं. ती अजून उडते आहे, पण आकाराने लहान.

आणि मग डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते, इंडिगोकडे त्यासाठी पुरेशी माणसं नव्हती आणि काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. बाकीच्या कंपन्यांची तिकिटं इतकी भडकली की सरकारला तात्पुरती कमाल मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत ७५०० रुपये. बंगलोर-हुबळी त्याच पायरीत बसतं.